कोरडवाहू शाळू दाणे भरायच्या वेळी सुकतोय? फवारणीआधी हे पाहा

येळवस (वेळा अमावस्या) झाली की मला फोन यायला लागतात. रानात कोप (छोटी खोप) करून आंबील-भज्जी खाऊन माणूस घरी येतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा रानात जातो आणि फोन लावतो. "काल-परवापर्यंत टवटवीत होती ओ ज्वारी, आता पानं गुंडाळलीत. काय फवारू?"

मी दक्षिण सोलापुरात मंद्रूपच्या बाजूला कोरडवाहू ज्वारी करतो. विहीर आहे, पण जानेवारीत ती माणसांपुरती आणि जनावरांपुरतीच उरते. हा बिघाड माझ्या स्वतःच्या रानात तीन वेळा झाला. पाहुण्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या रानात किती वेळा पाहिला ते मोजणं मी सोडून दिलंय. बहुतेक वेळा फवारायचं काहीच नसतं. जानेवारीत सुकणाऱ्या शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच बांधावरून गेलेलं असतं. रब्बी ज्वारीला पेरणीनंतर पाऊस जवळजवळ मिळत नाही, ती जमिनीत साठवलेल्या ओलीवर चार महिने काढते. शिल्लक संपली की एका आठवड्यात रंग बदलतो आणि आपल्याला वाटतं काल रोग आला.

तरीही प्रत्येक वेळी कारण ओलच असतं असं नाही. म्हणून खाली क्रम लावलाय. आधी जे नुसतं बघून कळतं ते, मग विळा आणि दोरी, मग पहार, आणि पैसे लागणारं सगळ्यात शेवटी. हे सगळं रब्बी ज्वारीपुरतं आहे. खरिपाच्या किंवा पूर्ण बागायती ज्वारीचं गणित वेगळं असतं.

काय दिसतं

- दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळतात, हिरवा रंग जाऊन निळसर राखी झाक येते.
- खालची पानं शेंड्याकडून करपत येतात आणि करपणं एकेक पान वर सरकतं.
- कणीस पोटरीतून, म्हणजे शेंड्याच्या पानाच्या फुगलेल्या वेटोळ्यातून, पूर्ण बाहेर पडत नाही, मान आखूड राहते.
- कणसाच्या वरच्या भागात दाणा बरा आणि बुडाकडे पोचट. ज्वारी वरून खाली फुलते, त्यामुळे ओल संपली की मार बुडाकडच्या दाण्यांना बसतो.
- वारा नसतानाही ताटं बुडातून कलतात, हाताने ढकललं की मोडतात.

यातलं शेवटचं लक्षण दिसलं तर पुढचं वाचायच्या आधी विळा घेऊन रानात जा. ते का, ते खाली येईल.

पहाटे एक फेरी मारा

फोन करणारे बहुतेक जण दुपारी दोन वाजता ज्वारी बघून घाबरलेले असतात. दुपारी पानं गुंडाळणं हा ज्वारीचा स्वभाव आहे. पान गुंडाळून ती पाणी वाचवते, म्हणून तर कोरडवाहूत टिकते. सकाळी सहा-सातला, ऊन लागायच्या आधी जा. पानं उघडली असतील तर पिकाकडे अजून ओल आहे, रात्रीतून मुळं भरून काढतायत. घाई करू नका, पण खालच्या तपासण्या करून ठेवा. पहाटेसुद्धा पानं गुंडाळलेलीच असतील तर मुळांच्या टप्प्यातली ओल संपली आहे, किंवा मुळं आणि खोड पाणी वर चढवू शकत नाहीत. यातलं कोणतं, हे पुढच्या दोन-तीन गोष्टींतून कळतं.

दोन दिवस लागोपाठ पाहा. एका दिवसावरून ठरवू नका.

बांधावर उभं राहून नक्षी बघा

यालाही काही खर्च नाही आणि अर्धं निदान इथेच होतं. सुकलेला भाग रानात कसा पसरलाय?

सगळं रान सारखं सुकलं असेल तर ओल, पेरणीची तारीख किंवा खत यांपैकी काहीतरी. उताराचा वरचा भाग आधी सुकला तर तिथे माती उथळ आहे, खाली मुरूम लागतोय. ट्रॅक्टर जिथे वळतो ती दोन्ही टोकं सुकली असतील तर माती दाबून बसलीय. बांधावरच्या बाभळीच्या किंवा लिंबाच्या बाजूची सात-आठ ओळ सुकली असेल तर ते झाड पाणी पितंय, त्यावर उपाय शोधत बसू नका. खालचा, पाणी साचणारा भाग आधी पिवळा पडून सुकला तर चोपणाचा, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेल्या मातीचा, संशय घ्या. आणि मध्येच एक ताट वाळलेलं, शेजारचं हिरवंगार, असं विखुरलेलं दिसलं तर ते ओलीचं काम नसतं. एकाच मातीत, एकाच ओळीत वीतभर अंतरावरचं ताट तहानेनं मरत नाही. तिथे कीड, वाळवी किंवा रोग शोधायचा.

विळ्याने ताट चिरा

सुकलेली चार, अर्धवट सुकलेली चार आणि हिरवी दोन ताटं मुळासकट उपटा. सहज उपटून आली आणि बुडाला मातीचं लिंपण असेल, आतून पोखरलेलं असेल तर वाळवी. तसं नसेल तर बुडापासून वर दोन-तीन कांडी उभी चिरा.

आतला भेंड (गाभा) पांढरा आणि घट्ट असेल तर खोड ठीक आहे, ओलीचा प्रश्न आहे. भेंड सुकून आतले दोरे सुटे झालेत, ताट पोकळ लागतंय आणि दोऱ्यांवर कोळशाची बारीक पूड पसरल्यासारखे काळे ठिपके आहेत, तर तो खडखड्या. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी. ती जमिनीत असतेच, पण पीक दाणे भरायच्या वेळी तहानलेलं आणि जमीन तापलेली असली की आत शिरते. म्हणजे खडखड्याच्या मागेही बहुतेक वेळा ओलीचाच तुटवडा असतो, आणि तो दाट पेरणीत आणि जास्त नत्र घातलेल्या रानात आधी दिसतो.

खडखड्या पक्का झाला तर उभ्या पिकात त्यावर औषध नाही. कुणी ड्रेंचिंगची, म्हणजे बुडात ओतायच्या औषधाची, बाटली दिली तर परत द्या. दाणा कडक होत आला असेल तर ताटं आडवी पडायच्या आत काढणी उरका. पडलेल्या ताटाची काढणी दुप्पट मजुरी खाते आणि कडबाही मातीत जातो. दाणा अजून दुधात असेल तर जो भाग उभा आहे तो वाचवायचा.

रोप महिन्याच्या आतलं आहे आणि फक्त मधला पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) वाळलाय, बाकीची पानं हिरवी आहेत, तर पोंगा ओढून बघा. सहज निघून आला आणि बुडाला कुजका वास आला तर ती खोडमाशी, पोंगेमर. त्याचा इथल्या प्रकरणाशी संबंध नाही. कणसातून मधासारखे चिकट थेंब गळत असतील तर तो चिकटा, तोही वेगळा. या दोन्हींसाठी फोटो आणि ताट घेऊन थेट कृषी विज्ञान केंद्रात जा, इथे वेळ घालवू नका.

दहा फूट दोरी

रब्बी ज्वारीची शिफारस आहे दोन ओळींत 45 सेंटीमीटर आणि दोन ताटांत 15 सेंटीमीटर. म्हणजे एकरी साधारण 60 हजार ताटं. हे रानात मोजायचं सोपं आहे: दहा फूट दोरी ओळीला लावा, वीसच्या आसपास ताटं हवीत. रानात पाच ठिकाणी मोजा आणि ओळीतलं अंतरही बघा, कारण बऱ्याच पेरणी यंत्रांचे फण बाराच इंचांवर (30 सेंटीमीटर) लावलेले असतात आणि मालकाला ते माहीत नसतं.

माझ्या साडूच्या रानात मी दोरी लावली तेव्हा दहा फुटांत चौतीस ताटं निघाली. एकरी चार किलो बी सांगितलेलं असताना त्याने सात किलो सोडलं होतं, "उगवण कमी झाली तर?" म्हणून. आणि उगवण झाली शंभर टक्के. विरळणी केली नाही, कारण उपटायला हात धजत नाही. मग जितक्या ओलीत वीस जणांचं जेवण होतं, तिथे चौतीस जण पंगतीला बसले. नोव्हेंबरपर्यंत ते रान गावात सगळ्यात देखणं दिसत होतं. दाट ज्वारी सुरुवातीला नेहमीच देखणी दिसते.

विरळणीची खरी वेळ पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांची. ती गेली असेल आणि पीक अजून पोटरीत आलं नसेल, तर हलक्या रानात दर तिसरी ओळ काढून टाकणं हा उपाय आहे. जिवावर येतं, पण उरलेल्या दोन ओळींना दाणा येतो. काढलेलं लगेच जनावरांना टाकू नका. का, ते खाली वेगळं लिहिलंय, ते नक्की वाचा.

पहार घ्या

आता थोडा घाम. हिरव्या भागात एक आणि सुकलेल्या भागात एक, असे दोन खड्डे. ताटाच्या शेजारी वीतभर सोडून, दोन फूट खोल. खणताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ओल. वरची चार बोटं माती सोडून द्या, ती कोरडीच असणार. अर्धा फूट, एक फूट, दीड फूट, दोन फूट अशी मूठ-मूठ माती काढा आणि दाबा. काळी माती मुठीत दाबून मुटका झाला आणि दोन तळव्यांत फिरवून त्याची शेवेसारखी वळी झाली तर चांगली ओल आहे. मुटका होतो, पण हातातून हातात उडवला की फुटतो, तर ओल संपत आलीय. दाबूनही मुटका होत नाही, खडे खड्यांसारखेच राहतात, तर तिथलं पाणी पिकाच्या कामाचं नाही. चिकण मातीत थोडी ओल नेहमी असते, पण ती मातीच धरून ठेवते, मुळांना सोडत नाही. म्हणून हाताला गार लागणं पुरेसं नाही.

दुसरी, खोली. पहार कुठे मुरमावर वाजली? एक फुटावर वाजली तर तुमची जमीन हलकी आहे आणि तिथे मालदांडी हे उशिरा निघणारं वाण पेरणं हीच मूळ चूक. एक फुटापर्यंतच्या रानात फुले अनुराधासारखं 105-110 दिवसांत निघणारं वाण, दोन फुटांपर्यंत फुले सुचित्रा, फुले माऊली किंवा मालदांडी 35-1, आणि त्याहून खोल काळ्या रानात फुले वसुधा किंवा परभणी मोती, असा साधारण हिशोब ठेवा. मालदांडी 35-1 हे आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावरचं निवड वाण. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही आहे. भाकरीला तिच्यासारखी दुसरी नाही, हे मलाही मान्य. पण मंगळवेढ्याच्या पुरुषभर काळ्या मातीत जी पिकते ती तुमच्या माळावर पिकत नाही. उथळ मातीत तहान लागणारच असेल तर पंधरा दिवस आधी निघणारं वाण तेवढी तहान टाळतं.

तिसरी गोष्ट लोक बघायची विसरतात: मुळं. सरळ खाली गेलीत की सात-आठ इंचांवर काटकोनात वळलीत? वळली असतील आणि त्या थरावर पहार टणकन् वाजत असेल, पण खाली पुन्हा ओली माती असेल, तर मध्ये घट्ट थर बसलाय. हे माझ्या स्वतःच्या रानात झालं. चार-पाच वर्षं दरसाल रोटाव्हेटर मारत होतो, वरची माती पिठासारखी आणि खाली फरशी. 2018 च्या दुष्काळात सगळ्यांचंच गेलं, म्हणून मी पावसाला बोल लावला. पुढच्या चांगल्या पावसाच्या वर्षीही तेच झालं तेव्हा खड्डा घेतला. दीड फुटावरच्या मातीचा मुटका होत होता. वर ज्वारी तहानेनं मरत होती आणि एका वितीखाली पाणी होतं.

भेगा आणि कोळपणी

काळ्या रानाला भेग पडली की पाणी फक्त वरून नाही, बाजूनेही उडतं. भेगेत विळा घालून बघा. मूठ आत जात असेल तर त्या भेगेच्या दोन्ही भिंती रोज वाऱ्याला उघड्या आहेत. मुळंही तुटतात.

उपाय जुना आहे आणि तोच सगळ्यात स्वस्त आहे: कोळपणी, म्हणजे ओळींमधली वरची माती बैलाच्या कोळप्याने हलवणं. तीन आठवड्यांनी फटीचं कोळपं, पाच आठवड्यांनी पासेचं, आठ आठवड्यांनी दातेरी. पहिल्या दोन पाळ्या तणासाठी म्हणून लोक करतात. तिसरी टाळतात, कारण तोवर तण नसतं आणि बैल मिळत नाहीत. पण ओलीसाठी तिसरीच खरी. दातेरी कोळपं वरची माती भुसभुशीत करून भेगा बुजवतं, आणि त्या कोरड्या मातीचं पांघरूण खालची ओल धरून ठेवतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं आमच्याकडे म्हणतात ते उगाच नाही.

पीक डोक्याच्या वर गेलं असेल आणि कोळपं शिरत नसेल, तर जिथे मोठ्या भेगा आहेत तिथे खुरप्याने किंवा कुदळीने माती ओढून बुजवा. एकराला दोन माणसांचा दिवस जातो. मी ते केलंय. कंटाळवाणं काम आहे, पण पाण्याच्या टाक्या (टँकर) आणण्यापेक्षा स्वस्त.

टाकीचं गणित

टाकीवरून आठवलं. दरवर्षी कुणीतरी टँकर ओततो. आधी हिशोब करा: एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4 हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर एकरभर पसरला तर अडीच मिलिमीटर होतो. दुपारपर्यंत तो उडून जातो. भेगाळलेल्या रानात तर उडायच्या आधीच भेगेतून खाली जातो. उलट हेच गणित पावसाळ्यात लावा. एका जोराच्या पावसात एकरातून 25 मिलिमीटर वाहून गेलं तर ते एक लाख लिटर. दहा टँकर, एका संध्याकाळी, फुकटात ओढ्याला.

शेततळ्यात किंवा विहिरीत खरंच पाणी असेल तर एक संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवण्यापुरतं पाणी, पीक फिरवतं. पण ते कधी द्यायचं याला महत्त्व आहे. पाणी एकच असेल तर मी ते पोटरीत, पेरणीनंतर 50-55 दिवसांनी देतो. तेव्हा कणसातल्या दाण्यांची संख्या ठरत असते. दोन असतील तर पहिलं महिनाभराच्या पिकाला, दुसरं पोटरीत. दाणा चिकात (दुधात) आल्यावर, कणीस जड झाल्यावर उशिरा पाणी दिलं तर बुडातली माती सैल होते आणि एका वाऱ्यात रान आडवं होतं. खडखड्या असलेल्या रानात तर हमखास.

चांगलं एक पाणी म्हणजे 50 मिलिमीटर धरा, एकराला दोन लाख लिटर. तुमचा पंप किती देतो ते 200 लिटरच्या बॅरलने मोजा. बॅरल चाळीस सेकंदांत भरलं तर तासाला 18 हजार लिटर, म्हणजे एकराला अकरा तास. विहीर तेवढी चालत नसेल तर रान अर्धं करा: एक आड एक सरीला पाणी सोडा, किंवा खोल मातीचा भाग निवडून तेवढाच भिजवा. सगळ्या रानाला थोडं थोडं पाजणं म्हणजे सगळ्यांना उपाशी ठेवणं. आणि पाणी सोडायच्या आधी भेगा बुजवा.

खत आणि तारीख, या दोन गोष्टी वहीतून बघायच्या

मध्यम कोरडवाहू रानाला हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद, सगळं पेरणीच्या वेळीच, दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत एकत्र पेरायच्या औजाराने) बियाच्या खाली. एकरी हे होतं युरियाची पाऊण गोणी आणि सिंगल सुपर फॉस्फेटची एक. हलक्या रानाला याहून कमी. आमच्याकडे बागायतदारांचं बघून लोक डिसेंबरात वरून युरिया फेकतात. कोरड्या मातीवर तो नुसता पडून राहतो. आणि पेरणीच्याच वेळी जास्त दिला असेल तर पीक नोव्हेंबरात फोफावतं, पानं रुंद होतात, ओल लवकर पितात आणि जानेवारीत खिसा रिकामा. हे झालं असेल तर यंदा करण्यासारखं काही नाही. वहीत लिहून ठेवा.

तारखेचं तसंच. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा आणि हस्ताच्या दरम्यान पेरणी. 2020 ला ऑक्टोबरच्या मध्यात अतिवृष्टी झाली, रानात वाफसा (पेरणीजोगी ओल) यायला नोव्हेंबर उजाडला आणि आम्ही तेव्हा पेरली. त्या वर्षी ओल भरपूर होती, तरी दाणा बारीक राहिला, कारण दाणे भरायची वेळ फेब्रुवारीअखेरच्या उन्हात आली. मुटका होतोय, खोड पांढरं आहे, ताटं मोजून बरोबर आहेत, आणि तरी दाणा पोचट, असं असेल तर आधी पेरणीची तारीख बघा. इतक्या उशिरा वाफसा आला तर मी आता हरभरा टाकतो.

इथे थांबा, माणूस बोलवा

घट्ट थर सापडला तर उभ्या पिकात काही करू नका. उन्हाळ्यात जमीन खोलवर कोरडी असताना सबसॉयलर, म्हणजे खालचा थर फोडणारं ट्रॅक्टरचं औजार, लावायचा. ओल्या मातीत तो लावला तर थर फुटत नाही, नुसती चीर पडते. किती खोल, किती अंतरावर, हे ट्रॅक्टरवाल्यावर सोडू नका. खड्ड्याची मापं घेऊन कृषी विज्ञान केंद्राच्या मृदा तज्ज्ञाला दाखवा. उथळ मुरमाच्या रानात सबसॉयलरने दगड वर येतात, ते रान कायमचं बिघडतं.

खालच्या भागात चोपणाचा संशय असेल, म्हणजे पाणी दिवसेंदिवस साचतं, वाळल्यावर वर कडक पापुद्रा येतो, माती ओली असताना साबणासारखी लागते, तर माती तपासणीशिवाय जिप्सम विकत घेऊ नका. सामू (pH) 8.5 च्या वर असणं हा एक इशारा. पण विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेलं) किती आहे हे प्रयोगशाळाच सांगते आणि जिप्समची मात्रा त्यावरून ठरते. निचरा नसलेल्या रानात जिप्सम टाकून पैसे वाया घालवलेली माणसं मला माहीत आहेत.

विखुरलेली ताटं मरतायत आणि वाळवी नाही, काळी पूड नाही, पोंगेमर नाही, तर तुमचं-माझं काम संपलं. अर्धवट सुकलेली ताटं मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे न्या. पूर्ण वाळलेलं ताट नेऊ नका, त्यात दुसऱ्याच बुरशा वाढलेल्या असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सुकलेली, खुरटलेली ज्वारी बघून मनात येतं की निदान जनावरं तरी सोडू. थांबा. ताण बसलेल्या आणि कोवळ्या ज्वारीत, तसंच काढणीनंतर बुडातून येणाऱ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारं द्रव्य जास्त असतं. यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. जनावर चरता चरता धापा टाकायला लागतं, तोंडाला फेस येतो, थरथरतं, कोसळतं. अर्ध्या तासातही जातं. असं दिसलं तर बाकीची जनावरं आधी रानाबाहेर काढा आणि पशुवैद्यकाला तिथूनच फोन करा. उतारा शिरेतून द्यायचा असतो आणि तो त्यांनीच द्यायचा. गूळ-ताक पाजत बसण्यात जी पंधरा मिनिटं जातात, तीच त्याची शेवटची असू शकतात. काढलेल्या ओळींचा चारा खायला घालायचाच असेल तर कापून उन्हात चांगला वाळू द्या, आणि तरीही शंका असेल तर पशुवैद्यकाला विचारून मगच.

पुढच्या वर्षी हा फोन करावा लागू नये म्हणून

सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चालू आहे. तिथे शिकवतात त्यातला निम्मा भाग पेरणीच्या आधीचा असतो. रब्बीसाठी पड ठेवलेल्या रानात जुलै-ऑगस्टमध्ये आपण जातच नाही, कारण तिथे पीक नसतं. मीही जात नव्हतो. आता उताराला आडवी कुळवणी करतो, मग साऱ्याने (मातीचे वरंबे पाडायच्या औजाराने) सारे पाडून मध्ये मातीचे आडवे दंड घालतो. रानाचे मोठे वाफे होतात आणि प्रत्येक वाफा आपल्यावर पडलेलं पाणी आपल्यातच मुरवतो. पेरणीच्या वेळी हे मोडून निघतं. बांध जिथे फुटलाय तिथे दगडाचा सांडवा करून ठेवतो, नाहीतर बांधाला पडलेली ती एक फूट सगळं रान रिकामं करते.

एका भर पावसात गोणपाटाची खोळ घेऊन बांधावर उभं राहा. पाणी कुठून बाहेर पडतं आणि त्याचा रंग काय आहे, ते बघा. मी तीन बांध दुरुस्त केले ते असेच सापडले, नकाशा काढून नाही.

काढणीच्या वेळी उपटलेल्या ताटांची मुळं एका जागी टाकून ठेवा. मजूर जेवायला बसले की त्यातली वीस-पंचवीस चाळा: किती सरळ, किती वळलेली, किती काळी. खड्डा न घेता हे सगळं रान दाखवतं.

आणि कुणाला विचारायचं असेल, मग ते कृषी खात्याचे कर्मचारी असोत की शेजारी, तर पानांचा फोटो पाठवू नका. सुकलेलं पान सगळ्या कारणांत सारखंच दिसतं. खड्ड्याचा पाठवा, कडेला विळा उभा ठेवून, म्हणजे खोली कळते. सोबत पेरणीची तारीख, वाण आणि दहा फुटांतली ताटं.